तेरवीनंतरचं वर्ष

हिंगणीच्या शिवारात ज्यांची वावरं बोरच्या जंगलाला लागून आहेत, त्यांना पीक दाण्यावर आलं की जागलीला जावं लागतं. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हे गाव. जवळच बोर नदीवरचं धरण आणि भोवती १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं जंगल. जेमतेम १३८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्राचा हा प्रकल्प देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोजला जातो, पण रोही आणि रानडुकरं जंगलाची हद्द पाळत नाहीत. एका रात्रीत चण्याचं वावर साफ होतं. म्हणून मचाणावर बसायचं, शेकोटी पेटवायची, डबे वाजवायचे. हे काम गावाने पुरुषाचं ठरवलेलं आहे. नवरा गेलेली बाई दोन लेकरं आणि म्हातारी सासू घरी टाकून वाघाच्या रानात रात्र काढणार कशी, आणि नाही काढली तर पीक वाचवणार कशी?

विधवा मातांच्या पुनर्वसनाबद्दल सरकारी कागदांत आणि भाषणांत भरपूर मजकूर सापडतो. त्यात जागलीचा उल्लेख नसतो. डवरणीला बैलजोडी कोण देणार, फवारणीचा पंप कोण उचलणार, कापूस विकायला नेला तर काट्याजवळ कोण उभं राहणार, हेही नसतं. पश्चिम विदर्भात गेली पंचवीस-तीस वर्षं ज्या हजारो बायकांनी घर पुन्हा उभं केलं, त्यांना हे प्रश्न रोज सोडवावे लागले. आधार कुठून मिळाला आणि कुठे तुटला, हे तपासायचं तर वावरापासूनच सुरुवात करावी लागते.

माणूस गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं असतं. तेरवी झाली की पाहुणे पांगतात आणि चौदाव्या दिवशी शेतीचा हिशोब दारात उभा राहतो. कृषी केंद्राची उधारी असते, बँकेचं किंवा सोसायटीचं पीककर्ज असतं, एखाद्या सावकाराची चिठ्ठी असते. मृग कुणासाठी थांबत नाही. पेरणी लांबली तर पराटी मागे पडते, निंदण चुकलं तर तण पीक खातं. कोरडवाहू शेतीत निंदण आणि वेचणी बाई आधीपासून करतच होती. डवरणी, फवारणी, जागल, बाजार ही कामं नवरा करायचा. तो गेल्यावर ती सगळी मजुरीने करून घ्यावी लागतात आणि पुरुषाची मजुरी बाईच्या मजुरीपेक्षा जास्त असते. म्हणजे तेच वावर, तेच पीक, पण विधवा झाल्याबरोबर लागवडीचा खर्च वाढतो. ही वाढ कुठल्याही मदतीच्या हिशोबात धरलेली मला दिसली नाही. मग पहिल्याच हंगामात दीर किंवा चुलतसासरा सुचवतो की वावर ठेक्याने देऊन टाक. ठेका तोच घेतो, भावही तोच ठरवतो. दोन-तीन वर्षांनी गावाच्या तोंडी ते वावर त्याचं झालेलं असतं.

सरकार या बाईकडे पाहतं ते तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या प्रकारावरून. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ च्या शासन निर्णयांनी ही पद्धत बसवली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. गेल्या दोन दशकांत बियाणं, खत, मजुरी सगळ्यांचे भाव कुठल्या कुठे गेले, रक्कम मात्र वाढलेली नाही. तोच शेतकरी सर्पदंशाने, वीज पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख मिळतात. वाघाने मारला, तर वनखात्याकडून पंचवीस लाख. हिंगणीसारख्या गावात हे तिन्ही मृत्यू घडू शकतात. वन्यप्राण्याने घेतलेल्या जिवाची भरपाई मोठी असायलाच हवी. जंगल राखण्याची किंमत सगळ्या देशाने मोजायची असते. पण मागे राहिलेल्या बाईची लेकरं, कर्ज आणि वावर तिन्ही घरांत सारखंच असतं. मदत तिच्या गरजेवर बेतायची, तर मृत्यूच्या कारणाने इतका फरक पडायला नको.

एक लाखसुद्धा सहज हाती येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. जमीन असावी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं असावं, वसुलीचा तगादा असावा. विदर्भातलं बरंचसं कर्ज बिनापरवाना सावकाराचं, कृषी केंद्राच्या वहीतलं किंवा नातलगाकडचं असतं आणि त्याचा कागद नसतो. नवऱ्यामागे त्याच्या मरणाचं कारण सिद्ध करण्याची जबाबदारी बायकोवर येते. तिला त्याच्या कर्जातलं पुष्कळदा काहीच सांगितलेलं नसतं. आणि शेतमजूर तर या योजनेच्या बाहेरच राहिला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यांतल्या ६,०८३ शेतमजुरांच्या आणि ५,२०७ शेतकऱ्यांच्या. महाराष्ट्राचा वाटा ४,२४८, देशात सर्वांत मोठा. मजुराच्या विधवेला दाखवायला सातबाराच नसतो.

दरमहा मिळणारा आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. तो सहाशेवरून हजार आणि २०२३ मध्ये पंधराशे झाला. अर्जासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट मात्र वर्षानुवर्षं एकवीस हजारांची होती. दिवसाला साठ रुपयेही न कमावणारं कुटुंब शोधायचं तर ते खोट्या दाखल्यातच सापडेल. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आणि रक्कम तीच, पंधराशे. दुसऱ्या योजनेतून आधीच पंधराशे घेणाऱ्या बाईला ती लागू नाही. नवरा हयात असलेल्या आणि नवरा गमावलेल्या बाईच्या हाती शेवटी सारखीच रक्कम पडते. फरक एवढाच की दुसरीने ती मिळवण्यासाठी मृत्यूचा दाखला जोडलेला असतो.

पैशाबद्दल इतकं पुरे. माझ्या मते प्रश्नाचा गाभा जमिनीच्या नावात आहे.

महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याच्या अकरा जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ नंतर विधवा झालेल्या या स्त्रियांपैकी ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के होत्या. आपल्याला निवृत्तिवेतन मिळू शकतं हे तिघींपैकी एकीला ठाऊकच नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात या बायका मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या आणि जून २०१९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र शासन निर्णय निघाला. मैदानात बसल्यावर निर्णय निघतो. गावात तो लागू करायला मात्र दुसरीच ताकद लागते.

कायदा तिच्या बाजूने आहे, आणि बऱ्याच आधीपासून आहे. गो. वि. देशमुखांच्या नावाने ओळखला गेलेला १९३७ चा कायदा हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा पहिला मोठा कायदा. पण शेतजमीन त्यात येत नव्हती, आणि खेड्यातल्या बाईकडे दुसरी मालमत्ता होती कुठे! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ही उणीव भरून काढली. पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरले आणि बाईला मिळालेला वाटा पूर्णपणे तिच्या मालकीचा झाला. महसुली रीतही सरळ आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, तो फेरफार घेतो, नोटीस काढतो, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कागदावर दोन महिन्यांचंही काम नाही.

अडतं ते ‘हरकत नसेल तर’ याच शब्दांपाशी. विदर्भात बहुतेक घरांत जमीन अजून सासऱ्याच्या, कधी आजेसासऱ्याच्याच नावावर असते. नवऱ्याने वीस वर्षं कसलं, पण वाटणी झालेली नसते. सासरा म्हणतो, मी आहे तोवर कशाला नावं चढवायची. दीर म्हणतो, उद्या तू दुसरं लग्न केलंस तर? हक्क मागितला की ज्या घरात लेकरं वाढवायची तेच घर शत्रू होतं, हे तिला कळतं आणि ती गप्प बसते. ही गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. सातबारावर नाव नाही तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार नाहीत, राज्याच्या नमो योजनेचे तितकेच नाहीत, बाजारात आधारभूत भावाने कापूस घालता येत नाही, कर्जमाफी झाली तर यादीत नाव नाही. जंगलालगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे. तिच्या वावराला ते लागलं तर जागलीचा निम्मा भार उतरेल. अर्जाला सातबारा लागतो.

मेलेल्या माणसांची नावं सातबारावर किती राहिली आहेत, याची कबुली सरकारनेच २०२५ मध्ये दिली. ‘जिवंत सातबारा’ मोहीम त्या वर्षी बुलढाण्यातून सुरू होऊन १ एप्रिलपासून राज्यभर गेली. मोहीम चांगली आहे, करायलाच हवी होती. पण तलाठ्याने चावडीवर यादी वाचली म्हणून घरातली हरकत मागे घेतली जात नाही.

हरकत कशाने मागे घेतली जाते, याचा शोध घेतला की ‘समाजाचा आधार’ या शब्दांना खरा अर्थ येतो. ज्या समाजाने आधार द्यायचा, त्यातच तिचे भाऊबंद आहेत, सोसायटीचा संचालक आहे, कृषी केंद्रवाला आहे. तेरवीला डोळे पुसणारा आणि ठेक्याचा भाव पाडणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. म्हणून गावाने तिच्यामागे उभं राहावं अशी हाक पोकळ ठरते. गावातलं कोण, कुठल्या कामात, कुठवर, हे सांगितल्याशिवाय त्या हाकेला वजन येत नाही.

महाराष्ट्रात विधवांसाठी झालेल्या कामाचा इतिहास मोठा आणि तेजस्वी आहे, पण त्याची दिशा वेगळी होती. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी प्रसूतीची आणि बाळांच्या संगोपनाची सोय केली. पंडिता रमाबाई स्वतःच विधवा आई होत्या. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा मनोरमा तान्ही होती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले विशीतच विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. वय वाढल्यावर त्या शिकल्या, आश्रमात शिकवू लागल्या, गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. १९१८ मध्ये तर इंग्रजीचा फारसा आधार नसताना एकट्या अमेरिकेला गेल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र विधवा आईने आपलं आयुष्य कसं बांधलं याच्या मराठीतल्या पहिल्या काही दस्तऐवजांपैकी एक आहे आणि आज ते जितकं वाचलं जायला हवं तितकं वाचलं जात नाही.

या सगळ्यांनी बाईला छळणाऱ्या घरातून आणि गावातून बाहेर काढलं, शिकवलं, नव्या जागी उभं केलं. ब्राह्मण आणि उच्चवर्णीय बालविधवेसाठी तो बरोबर मार्ग होता. तिच्या घरात तिला कसायला वावर नव्हतं आणि परतायला वाट नव्हती. कुणबी, तेली, माळी, गोंड, बौद्ध घरांतल्या आजच्या शेतकरी विधवेचा प्रश्न उलटा आहे. तिला गाव सोडायचं नाही. तीन-चार एकर वावर, शाळेत जाणारी लेकरं, गोठ्यातली गाय हे सगळं तिथंच आहे. आश्रमाने तिचा प्रश्न सुटत नाही. ज्यांच्याशी वाद आहे त्यांच्याच शेजारी धुऱ्याला धुरा लावून तिला जगायचं आहे. म्हणून तिचा आधारही गावातच तयार व्हावा लागतो, आणि हे काम कर्व्यांच्या काळापेक्षा काही बाबतींत अवघड आहे.

शेतीतल्या बाईकडे मालकीण म्हणून पाहणारं पहिलं मोठं आंदोलन शेतकरी संघटनेचं. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्याने स्वतःहून जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. वर्धा हा संघटनेचा बालेकिल्ला होता आणि सरोज काशीकर यांच्यासारख्या महिला आघाडीच्या नेत्या इथूनच पुढे आल्या. हजारो बायकांच्या नावे जमीन झाली. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही पत्नीचं नाव सहमालक म्हणून लावण्याची सोय केली. एवढा साधा, बिनखर्चाचा, कुणाशी वैर न मागणारा कार्यक्रम नंतर मागे पडला याची मला फार खंत वाटते. त्याच सुमाराची दुसरी नोंदही वर्ध्याचीच आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांचं सगळं कुटुंब, पत्नी मालती आणि चार लेकरांसह, वर्ध्याजवळच्या दत्तपूरला संपलं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा इतिहास तिथून मोजतात. एकाच वर्षात, आठ महिन्यांच्या अंतराने, आजार आणि त्यावरच्या उपायाचा एक भाग दोन्ही आपल्यासमोर होते.

मोठी माणसं येऊन गेली. २००६ च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यातल्या जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचं नाव लोकसभेत घेतलं गेलं आणि देशभरातून त्यांच्याकडे मदत आली. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश वाटत ‘नाम’ ही संस्था उभी केली. यातल्या कुणाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, आणि त्या त्या घरात ती रक्कम देवासारखी आली असेल. पण असा आधार निवडक घरांपर्यंत पोचतो आणि एका हंगामाच्या पलीकडे फारसा टिकत नाही. शिलाई मशीन वाटपाचंही तसंच. हजार-बाराशे वस्तीच्या गावात किती ब्लाउज शिवायला येणार? शेती करणाऱ्या बाईला शेतीतून बाहेर काढून शिवणाला बसवण्यात, ती शेतकरी आहे हेच आपण मान्य करत नाही.

बचत गटांचं काम याच्या उलट टोकाचं, संथ आणि न दिसणारं. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, आणि २०११ नंतर उमेद अभियानाने गावोगाव गट बांधले. उमेदच्या पहिल्या सघन जिल्ह्यांत वर्धा होता. आठवड्याला दहा-वीस रुपये टाकणाऱ्या दहा-बारा बायका. या गटातून विधवेला जे मिळतं, त्यात कर्जाचा क्रमांक मी दुसरा लावेन. पहिलं म्हणजे, महिन्यातून चार वेळा घराबाहेर जाऊन बसण्याचं कारण. तेरवीनंतर वर्षभर बाईने कुठे जाऊ नये, लग्नाकार्यात पुढे येऊ नये, अशी बंधनं अजून आहेत. गटाची बैठक हे असं निमित्त आहे की ज्याला सासूही नाही म्हणत नाही. तिथे तिला कळतं की सेलूच्या तहसीलला कुठल्या वारी गेलं तर साहेब भेटतो, दाखल्याला किती दिवस लागतात, अर्ज कोण लिहून देतं. आणि मग दोघी-तिघी सोबत जातात. एकटी गेली की ‘घरच्या मोठ्या माणसाला पाठवा’ असं सांगून परत धाडतात. तिघी गेल्या की अर्जावर शिक्का पडतो. हरकत घेणारा दीरही, वहिनी एकटी राहिली नाही हे दिसलं की मवाळ होतो. समाजाचा आधार म्हणतात तो मला इथे सर्वांत घट्ट दिसतो: तहसीलच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन बायकांत.

वावरातही हेच. बायकांमध्ये सावडीची जुनी चाल आहे. आज तुझं निंदण, उद्या माझं. गटाने ती पुन्हा धरली तर मजुरीचा मोठा खर्च वाचतो. पिकांची निवडही बदलते. वर्ध्याच्या गोपुरीतली चेतना-विकास ही संस्था अनेक वर्षांपासून बायकांबरोबर मिश्र पिकांची, कमी खर्चाची शेती करते आहे. मराठवाड्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोगाने घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या ताब्यात देऊन त्यात डाळी, ज्वारी, भाजी लावण्याची पद्धत रुजवली आणि २०१७ मध्ये त्याची संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर दखल घेतली गेली. सगळ्या वावरात कापूस लावून एकाच बाजारभावावर वर्ष टांगण्यापेक्षा एका तुकड्यात घरचं खाणं पिकलं, की उधारीची पहिली पायरी चुकते. नवऱ्याने घेतलेली जोखीम बायको सहसा घेत नाही, हे या शेतीत वारंवार दिसतं, आणि ते तिच्या शहाणपणाचं लक्षण आहे.

गटांची एक काळी बाजूही सांगायला हवी. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या गटाच्याच नमुन्याने बायका गोळा करतात, दारात कर्ज देतात आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला वसुली करतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. अशा कर्जात सापडलेल्या विधवेला तिच्या मैत्रिणीच सोडत नाहीत, कारण तिचा हप्ता त्यांच्या अंगावर येतो. जी एकजूट आधार होती तीच पाश होते. बचतीतून उभा राहिलेला गट आणि कर्जासाठी जमवलेला गट यांतला फरक प्रत्येक बाईला, तिने सही करण्याआधी, समजावून सांगितला गेला पाहिजे.

मनावरचं ओझं कसं उतरतं, याबद्दल वर्ध्याने एक वेगळीच गोष्ट करून दाखवली. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘तेरवं’ हे नाटक वर्ध्याच्या अध्ययन भारतीने उभं केलं. त्यात काम करणाऱ्या बायका आत्महत्याग्रस्त घरांतल्याच. ज्यांना सणाला हळदीकुंकवाचं ताट पुढे केलं जात नाही, त्या रंगमंचावर उभ्या राहून शेकडो लोकांसमोर आपलं बोलू लागल्या. त्यांच्यातल्या एक यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. २०११ मध्ये नवरा गेला, दोन लेकरं, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. आधी ठरलेल्या उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरचा तो प्रसंग, त्यावर वाद झाले. पण त्या दिवशी वैशालीताईंनी जे सांगितलं त्याचा आशय मला या सगळ्या प्रश्नावरच्या अहवालांहून मोलाचा वाटतो: अडचणीच्या वेळी दिल्लीची बाई येत नाही, गल्लीतली येते.

रूढींचा प्रश्नही गल्लीतच सुटतो. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांत सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठराव झाला म्हणजे चाल मोडली असं होत नाही. बांगड्या फोडायला येतात त्या म्हाताऱ्या बायका ग्रामसभेला नसतात. तरी ठरावामुळे ज्या सुनेला नको म्हणायचं आहे तिच्या हाती एक कागद येतो, आणि आपल्याकडे कागदाला वजन आहे. पुनर्विवाहाबद्दल मात्र गावं अजून मूग गिळून आहेत. १८५६ पासून कायदा आहे. अनेक शेतकरी जातींत पाट लावण्याची चाल त्याहून जुनी होती, आणि तीच गेल्या शतकात प्रतिष्ठेपायी बंद पडली. आज तिशीतली आई दुसरं लग्न करू म्हणाली तर पहिला प्रश्न वावराचा येतो आणि दुसरा लेकरांचा. १९५६ च्या कायद्याने एकदा मिळालेला वाटा नंतरच्या लग्नाने जात नाही, हे गावात कुणी मोठ्याने सांगत नाही.

लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला दर मुलामागे २,२५० रुपये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हेरंब कुलकर्णींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एकल महिला पुनर्वसन समितीने तालुक्या-तालुक्यात कार्यकर्ते जोडून या योजनेचे अर्ज भरून घेतले. त्याआधी ही योजना पुष्कळांना नावानेही माहीत नव्हती. कोरोनाने नवरा गेलेली, अपघाताने गेलेली, दारूने गेलेली, नवऱ्याने टाकलेली अशी सगळी नावं एका यादीत आणली, हे या समितीचं मोठं काम. मरणाच्या कारणांवरून बायकांची वर्गवारी करण्याची सवय तिथे प्रथम मोडली गेली.

हिंगणीच्या बाजूला जंगलाकाठी गोंड आणि कोलाम वस्त्याही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक कलम असं आहे की ज्याकडे बिगरआदिवासी गावांनी शिकायच्या नजरेने पाहावं: वनजमिनीचा पट्टा विवाहित माणसाला मिळतो तेव्हा तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. नवरा गेला तरी बायकोला नाव चढवण्यासाठी कुणाची हरकत पार करावी लागत नाही, कारण नाव आधीच तिथे आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावे लावण्याची मोहीम राज्यात झालेली आहे. सातबारासाठी १९९२ पासून सोय आहे. नवरा जिवंत असतानाच हे करून ठेवलं, तर तेरवीनंतरच्या वर्षातली निम्मी भांडणं उगवतच नाहीत.

हे हिंगणीच्या एका ग्रामसभेत सुरू होऊ शकतं. मृत खातेदारांची यादी तलाठ्याने वाचली की त्याच बैठकीत, ज्या घरात विधवा आहे तिथे वारसनोंदीला हरकत कुणाची ते विचारता येतं. चारचौघांत विचारलं की हरकत घेणं जड जातं. गटातल्या कोणत्या दोघी सेलूला सोबत जातील ते तिथेच ठरवता येतं. जंगलाकडच्या धुऱ्यांवरची वावरं सलग धरून सौर कुंपणाचा अर्ज एकत्र करता येतो, म्हणजे तिचं वावर मध्येच उघडं राहत नाही. कुंपण होईपर्यंत जागलीच्या पाळ्यांत तिच्या वावराची रात्र गावाने वाटून घ्यायची. त्याच्या बदल्यात ती वेचणीला हात देईल, आणि तो हिशोब बायका चोख ठेवतात. हे ठरवायचं ते पेरणीच्या आधी, मे महिन्यात, तालुक्याची कामं थोडी सैल असतात तेव्हा.